लेबलावरचा चंद्र

थाबा-त्सेकाच्या दवाखान्यात, औषधांच्या खिडकीशी,
न्ताते सेखोबेंनी कांबळ्याची मोठी पिन सोडली
आणि आतल्या खिशातलं पाकीट माझ्यापुढे ठेवलं,
पहिला आलेला मुलगा प्रगतिपुस्तक ठेवतो तसं.
तीस गोळ्या दिल्या होत्या. चोवीस उरल्या होत्या.
रक्तदाब एकशे नव्वद.

मी रागावले. एवढ्या वडीलधाऱ्या माणसावर रागावू नये
हे माहीत असून.
"रोज रात्री एक. म्हणून तर चंद्र काढला होता!"
"हो ना," ते म्हणाले, "पण तो चंद्र सहाच रात्री आला.
डाव्या अंगाने उजळलेला, बारीक, बोकडाच्या शिंगासारखा.
पुढे त्याला पोट सुटायला लागलं, गाभण गाईसारखं.
ती काही तुझी खूण नव्हे. मग मी थांबलो.
एका रात्री ढग होते. दार उघडं टाकून बसलो,
बायको थंडीने ओरडत होती,
पण ढग फाटले, कोर दिसली,
घेतली गोळी."

शाळेच्या वयात हा माणूस वरच्या कुरणांवर मेंढ्या राखत होता.
अक्षरं बहिणींच्या वाट्याला गेली, याच्या वाट्याला आभाळ.
आणि मी त्याच आभाळाचा तुकडा कागदावर चिकटवून
त्याच्या हाती दिला होता,
त्याने तो खरा मानू नये अशा अपेक्षेने.

मागे रांग खोकत होती. मी स्टूल ओढलं.
"आणि हे?"
आडवी रेघ, वर अर्धा सूर्य.
"बुडतोय."
"उगवतोय, न्ताते."
"कुठे? इतकी सपाट जमीन आहे कुठे?"
खरंच. आमच्याकडे सूर्य डोंगराच्या खांद्यावरून
अख्खाच उडी मारतो.
हे चित्र समुद्राकाठच्या कुणीतरी काढलेलं असणार.
आम्हा दोघांपैकी समुद्र कुणीच पाहिलेला नाही.

ताट, काटा, सुरी: "सरकारी जेवण असेल त्या दिवशी."
फुली मारलेला पेला: "काच आहे, जपून."
ज्वारीची दारू ते पत्र्याच्या डब्यातून पितात,
म्हणजे सूचना पाळूनच पितात.
जठराचं चित्र त्यांनी बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं.
"बूट," शेवटी म्हणाले. "पण एकच का?"

मी पेन्सिल त्यांच्याकडे सरकवली. "तुम्हीच काढा रात्र."
त्यांनी ती काठीसारखी मुठीत धरली.
एक रेघ, तिच्यावर खुंटी, खुंटीवर काहीतरी कुबडं.
"खोगीर. हे टांगलं की दिवस संपला.
चंद्र असो नसो."

तेच मी नीट करून पाकिटावर उतरवलं.
एवढ्यात म्मे मासेबोको मागून डोकावल्या:
"खोगीर विका नि औषध घ्या, असंच ना ते?"
त्यांच्याकडे घोडा नाही. कधीच नव्हता.
त्यांची रात्र म्हणजे राखेखाली झाकलेला विस्तव,
तो काढायला मला तीन कागद लागले
आणि तिसऱ्यावरही तो बटाट्यासारखा दिसत होता.
"चालेल," त्या म्हणाल्या, "बटाटा मला कळतो. त्यातच भाजते."

त्या दिवशी रांग दारापर्यंत गेली.
जिल्ह्याहून आलेल्या बाईंनी दोनदा भिंतीवर पाहिलं,
घड्याळाकडे.
तेही एक चित्रच,
हे मी त्यांना बोलले नाही.

महिन्याने न्ताते सेखोबे आले. पाकीट रिकामं.
एकशे बावन्न.
मी हसले, ते नाही.
पाकीट खिडकीतून माझ्याकडे परत ढकललं:
"घेतल्या सगळ्या. पण पोरी, खोगीर असं टांगत नसतात.
रिकिबी वर दुमडून ठेवायच्या,
नाहीतर वाऱ्याने रात्रभर भिंतीवर वाजत राहतात,
झोप लागत नाही."

मी खोडरबर शोधू लागले.